विकलेली पेन्शन

सदाशिवराव टेंबे, म्हणजे घरादाराचे नाना, इस्लामपूरच्या पोस्टात उभा जन्म शिक्के मारत राहिले. निवृत्त होताना त्यांनी पेन्शनचा तिसरा हिस्सा सरकारला विकला आणि एकरकमी आलेला पैसा उमाकांतच्या हातावर ठेवला. हा त्यांचा एकुलता एक मुलगा, बंगलोरला सरकारी कंपनीत इंजिनियर. त्यातून तिथल्याच कोरमंगल्यात साइट, म्हणजे घरासाठी प्लॉट, घेतली, घर उभं राहिलं. कागदावर नावं उमाकांतची आणि सूनबाईची, विद्याची. नानांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पोटच्या पोराशी कसला आलाय हिशेब!

चौऱ्याण्णव साली नाना मुलाकडे आले आणि छातीनं दगा दिला. डॉक्टरांनी बायपास लवकर करा म्हणून बजावलं. उमाकांत निर्धास्त होता. अवलंबून असलेल्या आईवडिलांचा खर्च कंपनीच करायची, अर्ज टाकला की झालं. अर्ज परत आला. वडील अवलंबून नाहीत, उत्पन्न मर्यादेबाहेर!

अकाउंट्समधल्या हयवदननं त्याला शांतपणे समजावलं. नियमात ढोबळ उत्पन्न धरतात, काहीही वजा होण्याआधीचं. विकलेला हिस्साही त्यात आलाच. नानांच्या हातात पडत होतं ते मर्यादेच्या आत होतं, पण हातात काय पडतं हे विचारतंय कोण? म्हातारा दोन पायऱ्या चढला की धापा टाकत होता, आणि नियमाच्या लेखी तो स्वतःचं बघायला समर्थ!

संध्याकाळी घरी चहाला, ढोबळ उत्पन्नामुळे अर्ज फेटाळल्याचा विषय निघाला. विद्या म्हणाली, वरचा मजला अर्धवट पडलाय, भाडेकरूचा ॲडव्हान्सही घेऊन बसलोय, एवढी रक्कम आणायची कुठून? उमाकांतनं तिचीच री ओढली. डॉक्टर घाबरवतातच, गोळ्यांवर वर्ष सहज निघेल, तोवर भाडं सुरू होईल. नाना समोरच बसले होते. बापाच्या जिवाची बोली बापासमोरच चालली होती, आणि कुणाची जीभ अडखळत नव्हती.

नानांनी फक्त ढोबळ म्हणजे काय ते विचारलं. विषय बदलला म्हणून उमाकांतला हायसं वाटलं. त्यानं नीट फोड करून सांगितलं.

"म्हणजे मी विकून टाकलेली पेन्शन तुझी कंपनी अजून माझीच धरते," नाना म्हणाले.

"हो ना. शुद्ध मूर्खपणा आहे, नाना."

"मूर्खपणा कसला रे? निदान त्यांनी तरी ती माझी धरली."