एका हरणामागे दोन वाटाडे

२००३ साली मी पासष्ट वर्षांचा होतो. त्या साली मुलाने मला अमेरिकेत, नेपरव्हिलला आणलं आणि त्याच साली त्याला तो गाइड भेटला.

आधी माझं सांगतो. मी चौथी पास. चंद्रपूरकडच्या जंगलात, शिकारीला बंदी येण्याआधी, मी वाटाड्या होतो. परवाना घेऊन साहेब लोक यायचे. त्यांना चितळ, सांबर दाखवायचं, मचाण बांधून द्यायचं, जखमी जनावर शोधून आणायचं, ही माझी कामं. बंदी आली तेव्हा जंगलखात्यात मजूर म्हणून लागलो आणि तिथेच म्हातारा झालो. रक्ताचा माग काढणारा माझ्यासारखा त्या भागात दुसरा नव्हता. हे मी फुशारकीने सांगतो आहे, आणि का सांगू नये?

मुलाला या कामाची कधी गोडी लागली नाही. शाळेतून येताना मी खाकी चड्डीत दिसलो तर तो दुसऱ्या रस्त्याने घरी जायचा. पुढे शिकला, कॉम्प्युटरमध्ये गेला, चांगलं झालं. आणि हाच मुलगा त्या नोव्हेंबरात ऑफिसातल्या दोन गोऱ्यांबरोबर मक्याच्या शेतांकडे, चार तास गाडी चालवून, हरणाच्या शिकारीला गेला! बंदुकीचा हंगाम होता. आला रिकाम्या हाताने, पण तोंड काही बंद होईना.

"बाबा, काय माणूस आहे तो गाइड! वारा कुठून येतो ते बघायला खिशात छोटी बाटली ठेवतो. पावडर उडवून बघतो."

"मी तमाकूची भुकटी सोडून पाहात होतो. तवा तू नाक दाबत होता."

"ते वेगळं, बाबा."

आणि बाटली कशी दाबायची ते हवेत करून दाखवू लागला.

डिसेंबरात पुन्हा गेला. तो ठासणीच्या बंदुकीचा हंगाम. घरात नव्या बंदुका असताना मुद्दाम नळीत दारू ठासून हरणं मारायची, आणि त्यासाठी सरकारने वेगळे दिवस ठरवून द्यायचे, हे ऐकून मला हसू आलं. आमच्याकडे ठासणीची बंदूक सापडली की त्या माणसाला धरून नाक्यावर आणत. मुलगा म्हणाला, "गाइड म्हणतो, त्यातच खरी कसोटी आहे. एकच गोळी, चुकली तर गेली." पुढे वर्षभर तेच. गाइड म्हणतो, नर शिंगं कुठे घासतो. गाइड म्हणतो, पाऊल कसं टाकायचं. एकदा सूनबाई पोळी वाढता वाढता म्हणाली, "आता भिंतीवर त्याचा फोटो लावायचाच बाकी आहे. बाबा, हार तुमच्या हातून घालू." दोघंही हसले. मी पोळी तशीच टाकून उठलो.

पुढच्या ऑक्टोबरात धनुष्यबाणाचा हंगाम सुरू झाला आणि मुलगा निघाला, तेव्हा मीही बूट चढवले.

"बाबा, तुम्ही काय करणार तिथे?"

"तुह्या त्या गाइडले पाहाचं हाय मले एकदा."

गाइड पन्नाशीचा, दांडगा, कमी बोलणारा. त्याने माझा हात हातात घेतला. मुलाने ओळख करून दिली. मला इंग्रजी येत नाही, पण 'फॉरेस्ट' आणि 'ऑफिसर' हे दोन शब्द मला जन्मभर पाठ आहेत. मी मुलाकडे बघितलं. तो गाडीतली बॅग काढायला वळला. म्हणजे या माणसाचं काम छाती पुढे काढून सांगायचं, आणि त्याच कामात बापाचा जन्म गेला तर त्याला ऑफिसर करायचं! तिथेच ठरवलं, इथून जाण्याआधी मुलाच्या तोंडून निघालं पाहिजे की माझा बाप या माणसाला भारी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाइडने मुलाला झाडावरच्या लोखंडी बैठकीत बसवलं, कमरेला पट्टा बांधून.

"आमच्याकडचे मध काढणारे बिनपट्ट्याचे चढतात," मी म्हणालो.

"बाबा, हळू बोला ना, प्लीज."

मला गाडीत बसवून ठेवलं. उन्हं वर आल्यावर मुलगा आला आणि मला त्या झाडापाशी घेऊन गेला. मोठा नर, बाण लागला होता. गाइडने जमिनीतला बाण काढून नाकाशी नेला. मीही पुढे होऊन वास घेतला, शेणकट. बाण पोटातून गेला होता. हे त्याला कळलं तसं मलाही कळलं, पण मुलगा फक्त त्याच्याकडे बघत होता. गाइडने आधी घड्याळ दाखवलं, मग हात पश्चिमेकडे नेला. दुपार कलेपर्यंत कोणी जायचं नाही.

मला वाटलं, आळशी आहे. आमच्या जंगलात जखमी चितळ तासभर सोडलं की रानकुत्री हाडंसुद्धा ठेवत नसत. गोळी लागली की लगेच मागे जायचं, हेच मी शिकलो होतो. बाणाची रीत वेगळी, पोटात लागलेलं हरण जवळच बसतं आणि बसल्या जागी मरू द्यायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर मुलाने सांगितलं असतं. पण त्या माणसाची रीत मी मुलाला विचारायची?

खोलीवर जेवून दोघं आडवे झाले आणि मी निघालो. त्या झाडांची गळलेली पानंच लाल, त्यात रक्ताचा थेंब दिसायचा कसा? मी उन्हाकडे तोंड करून वाकलो. पान तांबडं असलं तरी चकाकत नाही, रक्त चकाकतं. एकेक थेंब धरत तासाभरात ओढ्याच्या काठाला पोचलो. मनात म्हणत होतो, आता येऊन बघ म्हणावं तुझ्या गाइडला. तेवढ्यात वीस पावलांवर नर उठला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि तारेचं कुंपण ओलांडून शेजारच्या मालकाच्या रानात गेला. मी तो उठला त्या जागेपर्यंत धावलो आणि थांबलो. पलीकडे परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही, एवढं मला सकाळीच बजावलं होतं.

मी परत येऊन बुटांसकट पडून राहिलो.

हरण मिळालं की नाही ते आत्ताच सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी मिळालं, अर्धं. बाकीचं कोयोटांनी, म्हणजे इकडच्या रानकोल्ह्यांनी, खाल्लं होतं.

दुपार कलल्यावर तिघं निघालो. नर बसला होता त्या बसकणीपाशी गाइड थांबला. दबलेलं गवत, रक्त, आणि कडेला ओल्या मातीत माझ्या बुटाचा ठसा, नक्षीसकट. त्याने ठसा बघितला, माझे बूट बघितले आणि मुलाला काहीतरी सांगितलं.

"बाबा, तो म्हणतो कोयोटने उठवलं असणार. बघा, किती बारीक वाचतो!"

म्हणजे तो मला झाकत होता. चूक माझी, आणि मोठेपणा त्याचा! तो उपकार घेऊन मी नेपरव्हिलला गेलो असतो तर उरलेलं आयुष्य जेवणाच्या टेबलावर त्याचं कौतुक ऐकत काढवलं नसतं.

"सांग त्याले," मी म्हणालो. "मी उठवलं. दुपारी मीच आलो होतो."

"बाबा!"

"आन हेबी सांग का मी ऑफिसर नव्हतो. वाटाड्या होतो. तो करते तेच काम."

मुलाने मान खाली घातली. मग बोलला, तुकड्या तुकड्याने. गाइडने ऐकून घेतलं आणि हसला.

"काय म्हणते?"

"म्हणतो, वाटलंच होतं. ऑफिसर इतक्या सरळ मागावरून आला नसता."

चिडला असता तर बरं झालं असतं. हसला म्हणून मला त्याचा आणखीनच राग आला.

खोलीवर मुलगा म्हणाला, "माझी लाज काढलीत त्याच्यासमोर."

"बापाले ऑफिसर केलं तवा नाही वाटली लाज?"

तो बूट काढायला वाकला. मग म्हणाला, "लाल पानांवर तासात काढलात माग? त्याला विश्वास बसत नव्हता." एवढंच. भारी आहे वगैरे काही नाही, आणि तेही त्या माणसाच्या तोंडचं.

सकाळी शेजारच्या मालकाची परवानगी आली. गाइडने मलाही बोलावलं आणि नारिंगी फितीची गुंडाळी हातात दिली. मी मागून चालत थेंबाथेंबाला फीत बांधत गेलो. एका ओंडक्यापाशी रक्त संपलं. त्याने मला तिथेच थांबायची खूण केली, म्हणजे पुढे काही सापडलं नाही तर परत यायला जागा पक्की राहते. आमच्याकडे हे काम नवख्याला देत. ते दोघं झाडीत शिरले. मुलाचं हसणं ऐकू आलं, मग त्याचं. काय हसले कोण जाणे. डाव्या हाताला मोडलेलं गवत मला दिसत होतं, पाय शिवशिवत होते. मी ओंडक्यावर हात ठेवला आणि ते हाक मारेपर्यंत तिथून हललो नाही.