सतरा नंबर ढाबळीत का शिरला नाही

मोठी लढाई संपून बारा वर्षं झाली होती. त्या वर्षीच्या वैशाखात आमच्या पलटणीच्या सिग्नल सेक्शनची एक लहान डिटॅचमेंट नागावला आली. समुद्रावरच्या बोटीतून सोडलेलं कबूतर किनाऱ्यावर किती वेळात आणि किती खात्रीने निरोप आणतं, ते तपासायचं होतं. मुदत एक वर्ष. हुकूम हवालदार शिंद्यांचा. मी नाईक. पक्षी आणि रजिस्टर माझ्याकडे.

एका नारळाच्या वाडीत आम्ही कबुतरांची ढाबळ उभी केली. जमिनीपासून सहा फूट उंच लाकडी खांबांवर चोवीस कप्पे. प्रत्येक कप्प्याच्या बाहेरच्या दाराला आतल्या बाजूला लोंबणाऱ्या तारा होत्या. पक्षी बाहेरून ढकलून आत येई, पण परत बाहेर जाऊ शकत नसे. तारा हलल्या की घंटी वाजे. घंटी वाजली की पक्ष्याला धरायचं, पायाची अल्युमिनियमची नळी काढायची आणि निरोप वाचायचा. वाडीपासून रेवदंडा बंदरापर्यंत आम्ही टेलिफोनची तार टाकली होती. तिथे आमचा एक सिपाही आणि एक मचवा कायम तयार असे. ढाबळीत बाराबोअरची बंदूकही होती. ती ससाण्यांसाठी.

पक्षी डेपोतून आले तेव्हा सहा आठवड्यांचे होते. सतरा नंबरचं पिल्लू आजारी होतं. चोच उघडी, डोळे चिकटलेले. हवालदार म्हणाले, "हे खर्ची टाका." मी टाकलं नाही. नऊ दिवस कापडाच्या बोळ्याने पाणी पाजलं आणि भिजवलेले वाटाणे एकेक करून चोचीत घातले. पिल्लू जगलं. पुढे तो निळसर, रुंद छातीचा नर झाला. मुरूडपासूनचे बावीस मैल तो सदतीस मिनिटांत आला. ढाबळीत त्याच्याइतकं वेगवान दुसरं कोणी नव्हतं.

दिवाळीनंतर सिपाही सखाराम भोईटे हजर झाला. साताऱ्याकडचा गडी. समुद्र त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पहिल्या दिवशी पाणी चाखून म्हणाला, "एवढं पानी आन् एक घोट पिता येईना. सरकारी काम दिसतंय."

तिसऱ्या दिवशी सतरा नंबर त्याच्या खांद्यावर जाऊन बसला.

मला हिशेब ठेवायची सवय आहे. एका आठवड्यात सतरा माझ्या हातावर तीन वेळा बसला, सखारामच्या अंगाखांद्यावर एकेचाळीस वेळा. दाण्याचा डबा मी वाजवला तर तो मान वाकडी करून बघे. सखारामने वाजवला की येई. डबा तोच, दाणे तेच. हे मी कुणाला बोललो नाही. रजिस्टरच्या मागच्या पानावर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, त्या पुढे खोडून टाकल्या.

गावाचंही तेच. मी चौलचा, म्हणजे तीन मैलांवरचा. पण मासळी घेऊन जाणाऱ्या कोळणी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत आणि सखारामला हाक मारत.

"काय रं घाट्या, तुझ्या कबुतराला पगार किती मिलतो?"

"माझ्यापरीस जास्ती, मावशी. त्याला परेड न्हाई."

"मंग तूच कबूतर हो, म्हंजे तुला पन बायको मिलंल!"

हसत हसत त्या त्याच्या हातात चार बोंबील ठेवून जात. तो ते मलाच आणून देई. "घ्या नाईक, मला ह्याचं काय करत्यात ते ठावं न्हाई." मी घेई. चव लागत नसे.

माघात कॅप्टनसाहेब पाहणीला आले आणि त्यांनी एक नवी पद्धत शिकवली. कबूतर एकदाच जोडी करतं आणि ती धरून राहतं. नराला टोपलीत घालण्याआधी त्याच्या मादीच्या कप्प्यात दुसरा नर सोडायचा. पाच मिनिटं त्याला ते जाळीतून बघू द्यायचं. मग टोपली बंद करून त्याला बोटीवर न्यायचं. सोडला की तो घराकडे जीव तोडून उडतो. तो गेल्यावर दुसऱ्या नराला बाहेर काढायचं, म्हणजे आलेल्याला आपली जागा मोकळी मिळते. ही शेवटची बाब साहेबांनी दोनदा सांगितली आणि मी लिहून घेतली.

त्या दुसऱ्या नराला आम्ही 'पाहुणा' म्हणू लागलो. पाहुण्याचं काम नऊ नंबरकडे होतं. तो आडदांड आणि भांडखोर. काशीदहून येताना सतराचा वेळ बावीस मिनिटांवरून अठरावर आला. साहेब खूष झाले.

सखाराम खूष नव्हता. टोपली बांधताना म्हणाला, "नाईक, हे काय बरं न्हाई."

"का? चार मिनिटं वाचली."

"आपुन सही करून आलो. ह्यानं कुठं सही केली?"

"बैल सही करतो? त्याला वेसण घालतोस ना?"

"वेसण नाकात आसती. ही काळजात घातली तुमी. घर दिलं, बायकू दिली, आन् आता तिचाच धाक घालताय."

मी म्हटलं, "ऑर्डर आहे." ऑर्डर होतीच. पण खरं सांगायचं तर मला ती पद्धत आवडली होती. जाळीपाशी सतरा गळा फुगवून गोल गोल फिरू लागला की मी घड्याळ हातात धरून पाच मिनिटं बघत राही. माझ्या मनात येई, आता तुला कळेल.

आज माझ्या घरी गाय आहे, कोंबड्या आहेत. जनावर पाळणं हे पाप आहे असं मी म्हणत नाही. त्याच्याकडून काम घ्यावं, त्याला पोटभर घालावं, हा सौदा मला समजतो. पण मी सतराला वाचवलं त्याच्या बदल्यात त्याने माझं असावं, असं मला वाटत होतं. नऊ दिवस पाणी पाजलं तेव्हा असा काही करार झाला नव्हता. तो मी मागाहून एकट्यानेच केला.

फाल्गुनातली गोष्ट. सकाळी साडेसहाला सखाराम चार पक्षी घेऊन धाकू नाखव्याच्या मचव्यावर जाणार होता. मचव्यावर नाखवा, दोन खलाशी आणि सखाराम. काशीदसमोर तीन पक्षी सोडायचे. चौथा परत किनाऱ्याला लागेपर्यंत राखायचा, अडचणीसाठी. तो सर्वांत भरवशाचा असावा असा नियम होता. म्हणून चौथा सतरा. अडचणीच्या निरोपाच्या नळीला लाल दोरा बांधायचा.

सहा वाजता मी पाहुणा बसवला. सखाराम पाठ करून उभा राहिला. पाच मिनिटांनी त्याने टोपली बंद केली, जाळीतून बोट आत घातलं आणि म्हणाला, "चल लेका. माझ्यासंगं चल. हितं काय बघत बसू नगंस." सतराने त्याचं बोट चोचीत धरलं.

ते गेले. नऊ नंबरला बाहेर काढायचं होतं. मी कप्प्यापाशी गेलो, कडीला हात लावला आणि हात मागे घेतला. एकदा येऊन बघू दे, एवढंच मनात आलं. मग मी पाणी भरायला गेलो.

साडेनऊपर्यंत काशीदचे तिन्ही पक्षी आले. वेळा लिहिल्या. दहाला वायव्येचा वारा वाढला. हवालदार अलिबागला गेले होते.

दहा वाजून सत्तावन्न मिनिटांनी सतरा ढाबळीच्या फळीवर उतरला. नळीला लाल दोरा होता.

तो आपल्या कप्प्याच्या तारांपाशी आला. आतून नऊ नंबर धावला आणि त्याने तारांमधून सतराच्या डोक्यावर चोच मारली. सतरा मागे सरला. पुन्हा शिरायला गेला, पुन्हा मार खाल्ला. मग उडाला आणि समोरच्या नारळाच्या झावळीवर, साधारण चाळीस फुटांवर बसला.

अकरा वाजून एका मिनिटाला मी नऊ नंबरला काढून पिंजऱ्यात कोंडलं. दार मोकळं केलं. डबा वाजवला. सतराने मान वाकडी करून बघितलं. मी पुन्हा वाजवला. शीळ घातली. सखारामसारखं "चल लेका" म्हणून पाहिलं. तो हलला नाही.

बंदूक ढाबळीच्या खुंटीला होती. चाळीस फुटांवर बसलेला पक्षी चुकत नाही. लाल दोरा मला खालून दिसत होता. त्याचा अर्थ बोटीत चार माणसं अडचणीत आहेत, हे मला माहीत होतं. एक गोळी आणि निरोप हातात, हेही कळत होतं. मी तेहेतीस मिनिटं डबा वाजवला. पक्ष्याचा जीव वाचावा म्हणून वाजवला असं मी पुढे काही वर्षं स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. सखाराम नसताना तो एकदा तरी माझ्या हाकेला यावा, एवढंच मला हवं होतं.

अकरा चौतीसला हवालदार सायकलवरून आले. वर बघितलं, माझ्या हातातला डबा बघितला.

"लाल आहे?"

"होय, हवालदारसाहेब."

"केव्हापासून?"

"दहा सत्तावन्न."

"गोळी घाल."

"येईल तो, दोन मिनिटं—"

"नाईक! गोळी घाल!"

अकरा छत्तीसला मी गोळी झाडली. सतरा खाली पडला. नळीत सखारामचं अक्षर होतं: 'सुकाणू तुटले. कोर्लईच्या बाहेरच्या खडकांकडे वाहत आहोत. मचवा पाठवा. १०.५०.' चार मैल तो सात मिनिटांत आला होता.

अकरा अडतीसला रेवदंड्याला टेलिफोन केला. उत्तर आलं, "हॅलो नागाव. समजलं. मचवा सोडतो." मचवा अकरा पंचेचाळीसला निघाला आणि साडेबाराला पोचला. कोर्लईचा डोंगर मध्ये असल्यामुळे गावातून ते खडक दिसत नाहीत. कुणालाच काही कळलं नव्हतं.

फुटलेल्या मचव्यापाशी तिघे जण खडकाला धरून होते. सखाराम नव्हता.

धाकू नाखव्याला संध्याकाळी वाडीत आणलं. त्याचे दोन्ही तळहात सोलले होते. हवालदारांनी विचारलं, "भोईटे कधी गेला?"

"भरतीनं खडकाचा माथा झाकला ना, तवा. आमी पोहलो, त्याला पोहता येत न्हाय. माझ्या कमरंला धरून होता. मी बोललो, घाट्या, सोडू नको. तो बोलला, न्हाई सोडत, सतरा पोचलाच असंल. लाट आली का परत तेच, सतरा पोचलाच असंल. मंग एक मोठी आली."

मग नाखव्याने मला विचारलं, "पाखरू पोचला काय?"

मी म्हटलं, "पोचला."

दुसऱ्या दिवशी मी ओहोटीला त्या खडकापाशी गेलो आणि भरतीची वेळ मांडली. खडकाचा माथा सव्वाबाराच्या सुमाराला झाकला असणार. सतरा आला तेव्हाच निरोप हातात आला असता, तर मचवा अकरा एक्कावन्नला तिथे असता. चोवीस मिनिटं आधी. अकरा वाजून एका मिनिटाला नऊ नंबरला काढल्यावर मी तेव्हाच गोळी घातली असती, तरी मचवा बाराच्या आत पोचला असता. दोन्ही हिशेब मी बऱ्याचदा केले आहेत. उत्तर बदलत नाही.

सखाराम तिसऱ्या दिवशी काशीदच्या वाळूवर सापडला. आम्ही तिथेच त्याला अग्नी दिला. कोळणी आल्या होत्या.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "पक्षी दहा सत्तावन्नला आला, हे नक्की?"

"नक्की, साहेब."

"मग आत का शिरला नाही?"

"कप्प्यात दुसरा नर होता, साहेब."

"तो काढला का नव्हता?"

"विसरलो."

रजिस्टरमध्ये मी एकही वेळ बदलली नव्हती. खोटं बोललो तो हा एकच शब्द. माझी फीत गेली, डिटॅचमेंट मोडली. चार वर्षांनी मी पेन्शन घेतली.

महिन्याभराने सखारामचे वडील सामान न्यायला आले. डोक्याला मुंडासं, हातात काठी. ट्रंक, दोन सदरे, एक कांबळं मी त्यांच्या ताब्यात दिलं. ते उठले नाहीत.

"नाईकसाहेब, एक इचारू का? पोरगा पत्रात लिवायचा, सतरा नंबरचं पाखरू हाय. माणसावानी हाय. ते मला द्याल का? सरकारी आसलं तर ऱ्हाऊ द्या. निदान बघू द्या."

मी म्हटलं, "बाबा, ते मेलं. मी मारलं. त्याच्या पायात सखारामची चिठ्ठी होती."

त्यांनी ट्रंकेच्या कडीशी बोटं चाळवली. मग म्हणाले, "माझ्या पोरासाठी मारलंत. बरं केलंत."

त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावला. ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे होते. मी पाय मागे घेतले, पण बाकीचं सांगितलं नाही. पुढे दोन वर्षांनी ते वारले.

सिपाही सखाराम भोईटे, सिग्नल सेक्शन. कबूतर, नर, नंबर सतरा. एकाने निरोप वेळेवर लिहिला, दुसऱ्याने वेळेवर आणला. त्यांच्या बाजूने एका मिनिटाचाही उशीर नव्हता.