पुलाची दोन उत्तरं

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी पुण्याहून विदर्भात, वणीच्या घरी आले. ऑफिसचं काम घरूनच करायला लागले. पूल बांधण्याआधी तो ओझ्याखाली किती वाकेल, हे कॉम्प्युटरवर तपासायचं, हे माझं काम.

त्या उन्हाळ्यात माझ्याकडे दुसऱ्या राज्यातला एक पोलादी पूल होता, अजून कागदावरच असलेला. खांब आणि पूल यांच्यामध्ये रबराच्या जाड गाद्या. अशा पुलाची समीकरणं लाखोंनी असतात, ती एका दमात सुटत नाहीत. कॉम्प्युटर आधी एक अंदाज धरतो, चूक किती राहिली ते बघतो, अंदाज सुधारतो, पुन्हा बघतो. पण कडक पोलाद आणि मऊ रबर एकत्र आलं की हे सुधारणं भरकटतं. म्हणून मूळ गणिताची एक ढोबळ, सोपी नक्कल तयार करायची आणि प्रत्येक सुधारणा तिच्या आधारानं करायची. त्याला आम्ही प्रीकंडिशनिंग म्हणतो. नक्कल बदलली तर वाट बदलते, उत्तर बदलत नाही. निदान मी तसं शिकले होते.

पहिल्या नकलेनं गणित लवकर संपलं. मी खुशीत बाबांना सांगितलं. मग खात्रीसाठी दुसरी नक्कल लावली. ती रेंगाळत संपली, आणि तिच्या उत्तरात रबराच्या गाद्या कितीतरी जास्त दबल्या होत्या. पूल तोच, ओझं तेच. दोन्ही वेळा कॉम्प्युटर म्हणत होता, चूक आता नगण्य आहे.

मी सगळे आकडे पुन्हा तपासले. कशावर विश्वास ठेवावा तेच कळेना. पुण्याच्या साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले की लवकर आलेलं उत्तर पाठवून द्या, लोक थांबलेत. मी म्हटलं, "सर, मला हे समजलेलं नाही. समजल्याशिवाय पाठवत नाही." ते बरं म्हणाले.

बाबा पलंगावरून ऐकत होते. जन्मभर कोळसा खाणीच्या ऑफिसात नोकरी केलेला माणूस.

"समजलं नाही, असं तू साहेबाले सांगतलं?"

"हो."

"अन् तो काही बोलला नाही?"

"नाही."

बाबांनी चष्मा काढून पुसला. मी चुकले की बरोबर केलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

दोन-तीन दिवसांनी गोम सापडली. पहिल्या नकलेत रबरही जवळजवळ पोलादाइतकंच कडक धरलं गेलं होतं, आणि प्रोग्राम उरलेली चूक त्या नकलेतूनच मोजत होता. त्यामुळे रबरातली मोठी चूक त्याला बारीक दिसे आणि तो मध्येच थांबे. मी चूक मूळ समीकरणांवर मोजायला लावली. गणित पुढे चालू राहिलं आणि दोन्ही उत्तरं जवळ आली. गाद्या खरोखरच जास्त दबत होत्या. त्या बदलायचं ठरलं.

बाबांना मी दोनदा समजावलं. ते मान डोलवत होते. त्यांनी ते शेजारच्या काकूंना सांगितलं, काकूंनी त्यांच्या ट्रक चालवणाऱ्या मुलाला. एका सकाळी तो फाटकाशी आला.

"ताई, कोन्ता पूल दबून राह्यला म्हणे? मले रोज कोळसा घेऊन जा लागते."

मी म्हटलं, तो पूल इकडचा नाही, आणि अजून बांधलेलाही नाही.

"मंग दबते कायचा?"

मी त्याला कॉम्प्युटर, नक्कल, रबर असं सगळं समजावलं. तो हो हो म्हणत गेला. पुढचे कितीतरी दिवस, काकू सांगत होत्या, तो नदीच्या पुलावरून न जाता लांबच्या रस्त्यानं जात होता.