रोमिंगमधली आई

परदेशात गेलेल्या फोनची घंटा वेगळी वाजते. आपल्याकडची घंटा दुहेरी, जोडीने चालणाऱ्या पावलांसारखी. तिकडची एकेरी, लांब, दोन नादांमध्ये मोठी पोकळी सोडणारी. ती पोकळी मी प्रथम ऐकली फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत, सकाळी, आई आखातातल्या एका विमानतळावर पुढच्या विमानाची वाट पाहत बसलेली असताना. एक लांब नाद, मग शांतता, पुन्हा एक नाद, आणि खट्कन तुटल्याचा आवाज. तो ऐकून मी हसले. आईने फोन कापला होता; म्हणजे आई सुखरूप होती.

तशी आमची बोली ठरली होती. त्या वर्षांत मोबाइल घरोघर आले होते, पण बोलणे अजून महागच वाटे, आणि आमच्या वाडीने न उचललेल्या घंटांची एक स्वतंत्र भाषा घडवली होती. चर्नी रोडला उतरलेला नवरा एक घंटा देई, की इकडे भाताचा कुकर चढे. शिकवणीहून निघालेली मुलगी एक घंटा देई, की तिची आई गॅलरीत येऊन उभी राही. उचलायचे कोणी नाही. अशी घंटा उचलणे हा जवळजवळ असभ्यपणा होता. समोरच्याचे पैसे विनाकारण गेले.

आई निघाली होती माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला, जर्मनीत. आयुष्यातला पहिला विमानप्रवास, तोही एकटीने. तिच्या बॅगेला डिंकाचा, बाळंतशेपेचा आणि ओव्याचा असा काही उग्र गोड वास येत होता, की कुलूप लावल्यावरही तो खोलीभर रेंगाळत राहिला. इंग्रजी येत नाही म्हणून जावयांनी तिच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. खुर्ची घेतली की ढकलणारा माणूस विमानापासून दारापर्यंत सोबत येतो, वाट चुकत नाही. गिरगावातून भुलेश्वरपर्यंत ताडताड चालत जाणाऱ्या माझ्या आईला त्याचीच सर्वांत जास्त लाज वाटत होती. "पाय मोडल्यासारखं बसायचं का आता?" हे ती निघेपर्यंत म्हणत होती.

फोन मी माझा दिला होता. त्यावर इंटरनेट होते. बाळाचा पहिला फोटो आईने तिथूनच पाठवावा, अशी माझी हौस. रोमिंग सुरू करून घ्यायला आम्ही दोघी दादरला कंपनीच्या दुकानात गेलो, तेव्हा आमच्या पुढे सफारी घातलेले एक गृहस्थ बिल नाचवत उभे होते.

"मी काही केलंच नाही हो! फोन बॅगेत होता!"

"काका, बॅगेतसुद्धा चालू असतो तो," काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली. "आपणहून मेल ओढतो. तिकडचं मीटर पडत राहतं."

"अहो, पण एवढ्या पैशात मी परत सिंगापूरला जाऊन आलो असतो!"

आईने माझा दंड धरला. तिची पकड मला आजही आठवते, नखांसकट. आमची पाळी आल्यावर तिने त्या मुलीला विचारले, "म्हणजे नळ गळतो तसं का गं?"

"नळ नाही काकू, अख्खी पाइपलाइन. इंटरनेट बंदच करून देते. आणि तिकडे आलेला फोन उचलला, तरी तुम्हालाच पैसे पडणार, बरं का."

"नाही उचललं तर?"

"मग काही नाही."

हे 'काही नाही' आईच्या मनात खोल उतरले. परतताना फुलबाजारातून चालताना तिने शेवंतीच्या ढिगाकडे पाहिलेसुद्धा नाही. घरी आल्यावर तिने स्वतःच नियम केला: वाटेत कोणाचाही फोन आला तरी ती कापणार, कापला, की आपण समजायचे, ती बरी आहे. जर्मनीच्या विमानात बसताना फोन कायमचा बंद करून पिशवीच्या तळाशी टाकणार. "पुढे जावई आहेतच घ्यायला. मग फोन कशाला हवा?" बाबांनी त्यात एक कलम जोडले: जावई स्वतः दिसल्याशिवाय कोणाही परक्याबरोबर पाऊल उचलायचे नाही. मग तो पोलीस का असेना.

त्या सकाळी कापलेल्या घंटेवर समाधान मानून मी चहा ठेवला, आणि तो उकळायच्या आत माझ्या जुन्या मोबाइलवर जावयांचा फोन आला. त्यांचा श्वास लागलेला होता.

"ताई, हिला पहाटेच आत घेतलंय. दिवस भरले नव्हते अजून, डॉक्टर काही नीट सांगत नाहीयेत. मी इथून हलू शकत नाही. आईंना घ्यायला ऑफिसातल्या एक बाई जातील. मी फोन करतोय तर आई कापतायत! परत केला, परत कापला!"

"तिला वाटतंय, तुम्ही खुशाली विचारताय."

"मग सांगा ना त्यांना! त्या बाईंबरोबर आल्या नाहीत, तर एकट्या कुठे बसून राहतील? इथे हिच्याजवळ तरी कोण आहे दुसरं?"

मी गॅस बंद केला. चहाचा करपट वास त्या दिवसाला कायमचा चिकटला आहे.

मी आईला फोन लावला. लांब नाद, पोकळी, लांब नाद, खट्. पुन्हा लावला. खट्. मला तिचा चेहरा दिसत होता: पदराचे टोक मुठीत, व्हीलचेअरवर ताठ बसलेली, पडद्यावर माझे नाव उमटताच डोळ्यांत पाणी आणून ते लाल बटण दाबणारी. जितक्या वेळा मी जीव तोडून हाक मारत होते, तितक्या वेळा ती मला मायेने सांगत होती, की मी बरी आहे गं, काळजी करू नकोस. इतका प्रेमळ नकार मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेला नाही.

बाबा गॅलरीतून आत आले. "काय झालं?"

मी सांगितले.

"तुझ्या आईला एकदा काही सांगितलं की झालं," ते म्हणाले. "आयुष्यभर माझं एक ऐकलं नाही, आणि ऐकायला लागली तीही नेमकी आजच!"

मी संदेश लिहायला घेतला. आईजवळचा तो फोन देवनागरी दाखवत नसे. मराठी अक्षरांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी उमटत. इंग्रजी लिपीत मराठी लिहिले, तर आईला दुकानांच्या पाट्यांपलीकडे ती लिपी सरावाची नव्हती. आणि पडद्यावरचे संदेशाचे पाकीट उघडले की पैसे पडतात अशी तिची खात्री. तरी पाठवला. उत्तर येणार नव्हतेच. जावयांनी त्या बाईंचा फोटो मेलने धाडला होता. कोपऱ्यातल्या सायबर कॅफेत धावत जाऊन मी तो पाहिला: उंच, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, हनुवटीवर एक मोठा तीळ. हा चेहरा आईच्या हातातल्या फोनवर क्षणात उमटू शकला असता. त्याची वाट आम्हीच दादरला बंद करून आलो होतो.

घरी येऊन विमान कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाईचा आवाज धुतलेल्या काचेसारखा होता. "संदेश तिकडे पाठवते, मॅडम. पोचेलच याची खात्री देऊ शकत नाही." मला माहीत होते, की तिथल्या ध्वनिवर्धकावर कोणी आईचे नाव पुकारले तरी त्या परक्या उच्चारातून तिला ते ओळखू येणार नाही. तोवर भिंतीवरचे घड्याळ मोठ्याने वाजू लागले होते, म्हणजे तसे मला वाटू लागले होते. विमानाची दारे उघडायला फार वेळ उरला नव्हता. एकदा ती चढली, की फोन पिशवीच्या तळाशी.

"या फोनवरून कर," बाबा म्हणाले.

आमच्या घरचा जुना फोन कपाटावर, क्रोशाच्या रुमालावर असे. तो आम्ही क्वचित वापरत असू. नातलगांत जन्म आणि मृत्यू त्यावरूनच कळवले जात. आदल्या दिवाळीत बाबांच्या छातीत कळ आली, आई तेव्हा लालबागला तिच्या बहिणीकडे होती. तिला बोलावून घेणारा फोन याच यंत्रावरून गेला होता. मोबाइलच्या पडद्यावर हा नंबर दिसला, तर आई तो कापणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. आणि पडद्यावर हा नंबर दिसताच तिला काय वाटेल, हेही.

"नको बाबा. अनोळखी देशात, एकटी. तिला वाटेल तुम्हाला काही झालं. तिथेच कोसळली तर?"

"आणि तिकडे दारात उभी राहिली तर? माझाच शब्द धरून त्या बाईला हाकलून देईल. पोर तिकडे अडलेली."

"पण पहिल्या घंटेला तिचा जीव जाईल."

"म्हणून पहिल्यांदा मी बोलणार," बाबा म्हणाले. "मेलेला माणूस बोलत नाही, एवढं तिला कळतं."

ते उठले, मग पुन्हा थबकले. "आपल्या फोनवरून परदेश बंद आहे ना?"

"नंबर मुंबईचाच आहे, बाबा. फक्त आई लांब आहे."

मी नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात देऊन कान त्याला भिडवला. त्यांच्या बनियनला शिकेकाईच्या साबणाचा वास येत होता. लांब नाद. पोकळी. त्या पोकळीत मला बाबांचे हृदय ऐकू येत होते, किंवा माझे. दुसरा नाद अर्ध्यावर मोडला. खट् झाले नाही. त्या जागी एक मोठी, गजबजलेली शांतता उघडली: चाकांच्या बॅगा, एक रडणारे मूल, अरबी उद्घोषणा. आणि त्या सगळ्याच्या अलीकडे, अगदी कानाशी, एक धरून ठेवलेला श्वास.

"मी आहे गं," बाबा घाईने म्हणाले. "ठणठणीत आहे. आत्ताच पोहे खाल्ले. ही काय सांगते ते ऐक."

श्वास सुटला.

कविता वाचण्यात माझी वर्षे गेली आहेत. कमी शब्दांत चेहरा उभा करणे किती अवघड, हे मला ठाऊक होते. पण इतके कमी शब्द माझ्या वाट्याला कधी आले नव्हते. मी म्हणाले, "आई, पोटात दुखायला लागलंय तिच्या. आजच होईल. जावई दवाखान्यात आहेत, घ्यायला येणार नाहीत. एक गोऱ्या बाई येतील. उंच, केस पांढरे, कापलेले. हनुवटीवर तीळ. त्यांच्याबरोबर जा. बाबांनी सांगितलंय, जा."

"हो, जा," बाबा रिसीव्हरमध्ये ओरडले. "माझं ते कलम रद्द!"

पलीकडून पुन्हा ती उद्घोषणा, पुन्हा ते मूल. कशाची तरी साखळी ओढल्याचा आवाज, तिच्या पर्सची असावी. शब्द नाही.

ती बाई तिला दारातच भेटली, आईने हनुवटीवरचा तीळ चांगला निरखून पाहिला आणि मगच बॅग तिच्या हाती दिली, संध्याकाळी ती बहिणीच्या उशाशी होती आणि रात्र व्हायच्या आत मला भाची झाली, हे सगळे नंतरचे. त्या क्षणी माझ्या हातात नुसता घामेजलेला रिसीव्हर होता. ऐकले की नाही, समजले की नाही, मला काही कळायला मार्ग नव्हता.

"आई, कळलं ना? कोणाबरोबर जायचं ते कळलं ना?" मी विचारले. "काहीतरी बोल गं."

"ठेव," पलीकडून आई म्हणाली.