कळ दाबली की चालणारा डबा

तेव्हा मी भिलाईतल्या एका छोट्या कंपनीत नुकतीच लागले होते. आम्ही तापमान नोंदवणारे डबे बनवायचो. डबा म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड, ना हार्ड डिस्क. पहिला डबा आम्ही जवळच्या उतई गावातल्या एका दूध केंद्रात बसवला. टाकीतलं दूध किती गार आहे, ते त्यानं नेटवरून ऑफिसला कळवत राहायचं, एवढंच त्याचं काम.

ऑफिसात तो छान चालला होता. उतईला लाइट गेली, परत आली, आणि डबा गप्प. केंद्र सांभाळणाऱ्या बाईंचा फोन आला. मी स्कूटी काढली तर बाबाही मागे बसले. ते नुकतेच स्टील प्लांटमधून रिटायर झाले होते आणि घरात त्यांचं मन लागत नव्हतं.

केंद्रात पोचून मी डब्याला स्क्रीन आणि कीबोर्ड जोडला, सवयीनं एंटरची कळ चार-दोनदा दाबली. आता बिघाड शोधावा म्हणते, तोच डबा चालू! मी काहीही केलं नव्हतं.

काही दिवसांनी पुन्हा तेच. बाई म्हणाल्या, "मॅडम, आप आते हो तो चलता है. आपके जाने के बाद लाइट गई, कि फिर बंद."

याही वेळी सोबत आलेल्या बाबांनी पिशवीतून टेस्टर काढला. "अर्थिंगचा लोचा आहे हा. माह्या नोकरीत लय पाह्यलं असं."

"मंग मी आल्यावरच कावून चालू होते, बाबा?"

"जोडताना तू वायर हालवते ना!"

मला ते पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. बाबांनी अर्थिंगची नवी वायर टाकली. पुढच्या वेळी लाइट जाऊन आली तेव्हा डबा पुन्हा अडला.

त्यानंतरच्या खेपेला मी कीबोर्ड जोडला आणि तेवढ्यात बाईंनी चहा आणला. चहा पिऊन होईस्तोवर मी कशालाच हात लावला नाही. डबा तसाच अडलेला. कप खाली ठेवला, कीबोर्ड जवळ ओढला, कळा दाबल्या, आणि स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या. त्यातली एक ओळ सांगत होती की रँडम आकडे आता तयार आहेत. म्हणजे डबा इतका वेळ कळा दाबल्या जाण्याची वाट पाहत होता? कशासाठी?

घरी येऊन मी वाचत बसले. डब्याला माहिती लपवून पाठवायची तर प्रत्येक वेळी नवी गुप्त किल्ली लागते आणि तिच्यासाठी कोणालाही ओळखता न येणारे आकडे. कॉम्प्युटर तर सांगितल्याबरहुकूम चालणारा. असे आकडे आणणार कुठून? म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम बाहेरची गडबड गोळा करते: कळ नेमकी कोणत्या क्षणी दाबली, डिस्कला किती वेळ लागला, नेटवरून काय कधी आलं. या गडबडीला एंट्रॉपी म्हणतात. ती पुरेशी साठेपर्यंत सिस्टीम आकडे देत नाही. ऑफिसात आम्ही कीबोर्ड जोडून ठेवायचो; उतईत डब्याला गडबड करणारं कोणी नव्हतंच, आणि नेटही किल्ली मिळाल्यावरच सुरू व्हायचं.

मी बाबांना हे सांगितलं.

"तू काय बोलून राहिली? मशीनले गडबड पाहिजे? आमी जिंदगीभर मशीनची गडबडच काढत राह्यलो."

"मलेबी नीट नाही समजून राहिलं, बाबा."

ऑफिसात सर म्हणाले, सोपं आहे, सुरुवातीला लागणारी गडबड आपणच प्रोग्राममध्ये लिहून देऊ. मी तसं केलं. डबा झटक्यात चालू झाला. सगळे खूश. मग मी दुसरा कोरा डबा टेबलावर ठेवून तोही चालू केला आणि दोघांच्या किल्ल्या शेजारी शेजारी पाहिल्या. अक्षरन् अक्षर सारखं. एकाची किल्ली ज्याच्या हाती लागेल, त्याला सगळेच डबे उघडता आले असते. सरांनी दोनदा निरखून पाहिलं आणि लिहून दिलेली गडबड प्रोग्राममधून काढायला सांगितली.

शेवटी कळलं की आमच्या चिपमध्येच एक छोटं सर्किट आहे, त्यातल्या विजेच्या थरथरीतून आकडे मिळतात. आमच्या सिस्टीममध्ये ते बंदच राहिलं होतं. मी ते चालू केलं आणि उतईला जाऊन मुद्दाम लाइट घालवून पाहिली. डबा आपोआप उठला. बाई म्हणाल्या, "अब आपको आना नहीं पड़ेगा." मी हसले, पण का कोण जाणे, थोडी हिरमुसलेही.

परतीच्या वाटेवर बाबांनी मागून विचारलं, "ते वीज थरथरते म्हणते, ते कावून थरथरते?"

"गरमीनं, बाबा."

"आन् कधी किती थरथरन, ते कोण ठरवते?"

मी म्हटलं, कोणीच नाही ठरवत. मग वाटलं, आपण हे कशाच्या जोरावर सांगितलं? पुस्तकात तसं होतं म्हणून. समोरून ट्रक येत होता, मी स्कूटी कडेला घेतली. बाबा पुन्हा काही विचारतील म्हणून मी वाट पाहत होते.