दुधातली भाकर

मिशी चिकटवायच्या डिंकाचा वास आला की मला लोहा गावातलं ते नाटक आठवतं. आमचे हे तिशीतच म्हाताऱ्याचं काम करायचे, नायकाचं कधी मिळालंच न्हाई, म्हणून त्या दिवशी वैतागून म्हणाले, "आज शेवटचं." नाटक संपल्यावर ह्यांनी तोंड धुतलं, तोच समोरच्या घरातली आजी वाटी घेऊन पडद्यामागं आली. "त्या बोळक्या म्हाताऱ्याला बोलव. सून जेवू घालीना त्याला, दुधात भाकर कुस्करून आणलीय." "आजी, तो मीच." "मस्करी नगं करू, तुला समदे दात हायेत." ह्यांनी पाठ वाकवली, ओठ आत ओढले अन् त्याच आवाजात "माय" म्हणाले. आजीनं वाटी पुढं केली अन् म्हणाली, "खा बाबा." ह्यांनी वाटी चाटूनपुसून रिकामी केली अन् पुढं जन्मभर म्हातारेच केले. हे कधी नायक झाले का, असं आजबी कुणी इचारलं की मी ताठ मानेनं सांगते, कधीच न्हाई.