आत्याबाईंचं आमंत्रण

४ मे. कुंभिवलीच्या घरातली भांडी पोत्यात भरायचं काम. घर गोदामवाल्याला विकलंय. परवा किल्ली द्यायची.

माझ्या चुलत सासऱ्यांएवढी भुतांची काळजी घेणारा माणूस अख्ख्या खालापूर तालुक्यात सापडायचा नाही. अप्पा भुतांना भीत नाहीत. त्यांना चिंता असते ती भुतांच्या गैरसोयीची. घर बांधल्यापासून कोण कुठल्या खोलीत गेलं, आणि जाऊनही कोण गेलं नाही, हे ते आल्यागेल्याला ऐकवतात. विहिरीजवळचा कोण, ते त्यांनाही ठाऊक नाही. "आपल्यातला नाय, पन राहतोय तर राहू दे." माजघरात मात्र त्यांची सख्खी आत्या. ती दुपारची पडते म्हणून अप्पा खाकरून आत शिरतात. सिलिंडर आणणाऱ्यालाही त्यांनी एकदा खाकरायला लावलं. तेव्हापासून तो सिलिंडर ओटीवरच ठेवून पळतो. हायवेच्या ट्रकनं कौलं थरथरली की अप्पा म्हणतात, "उठली वाटतं." मी म्हटलं, "ट्रक गेला, अप्पा." तर म्हणाले, "ट्रकला काय ठाव, कोनतं कौल हलवायचं?"

आज सामान बांधून झालं, आम्हाला भिसेगावच्या फ्लॅटवर न्यायला टेंपो दारात आला, तरी अप्पा खुर्चीतून उठेनात.

"तुमी जा गं. मी नाय येत."

"सही तुम्हीच केलीत ना?"

"माझ्यापुरती केली. आत्याला कुनी विचारलं? आमंत्रनाबिगर ती सख्ख्या भाच्याच्या लग्नाला आली नाय."

"कुठल्या भाच्याच्या?"

"माझ्याच. घरातलीच म्हनून तिला अक्षत द्यायची कुनाला सुचली नाय. मांडव दारात, आन् ही माजघरात बसून. मी बोहल्यावरून दाराकडं बघत होतो. आता परत तसंच करू?"

मी भूतबीत मानत नाही. पण एवढ्या वयाच्या माणसाला दंडाला धरून टेंपोत बसवणं मला जमणारं नव्हतं. टेंपो उद्यावर ढकलला.

५ मे. सकाळी उठून बांधलेला तांदळाचा डबा सोडला, मूठभर तांदळाला कुंकू लावलं. रिकाम्या माजघराच्या कोपऱ्यात अक्षता ठेवून वाकले आणि म्हटलं, "आत्याबाई, आम्ही भिसेगावला राहायला चाललोय. तुम्हीही यायचं."

अप्पा दारातून बघत होते. "जरा मोठ्यानं बोल गं. तिला कमी ऐकू येतं."

मी मोठ्यानं पुन्हा सांगितलं. अप्पा थोडा वेळ कान देऊन उभे राहिले. मग त्यांनी चपला घातल्या.